येणे आणि जाणे

तुकोबारायांची पालखी गवळ्याच्या उंडवडीचा मुक्काम आटोपून बारामतीत विसावली, काटेवाडीत परीट समाजाने अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्यांवरून पुढे सरकली, मेंढपाळांनी रथाभोवती आपले कळप धावविले आणि आता सणसर, निमगाव केतकी असे मुक्काम करीत ती इंदापुराकडे निघाली आहे, ही वार्ता वाचकांनी छायाचित्रांसह वाचलेली आहेच. पाटसहून बारामती-इंदापुरावरून तोंडले-बोंडल्यापर्यंत जाणाऱ्या सुमारे १३० किलोमीटरच्या चौपदरी पालखी मार्गाची चर्चाही या दिवसांत दरवर्षीप्रमाणे रंगली आहे. या सोहळ्यातील एक गोष्ट मात्र कोणत्याही सरकारी दप्तरात नोंदली जात नाही. दूरच्या कोणत्या तरी गावची दिंडी आणि तिला आपल्या ओसरीवर उतरवून घेणारे बारामती-इंदापूरचे घर यांची पिढ्यान्‌पिढ्यांची जी सोयरीक असते, तिच्याविषयी मला आज लिहावयाचे आहे. आणि ते लिहिताना इंग्लंड-फ्रान्समधील जुळ्या गावांचा दाखला घ्यावासा वाटतो, कारण आपल्याकडे जे आहे ते त्यांनी सनदा करून उभारले, आणि त्यांच्याकडे जे आहे त्यातील एक मोठी गोष्ट आपण अद्याप केलेली नाही.

पहिल्या महायुद्धाच्या तोफांनी उत्तर फ्रान्समधील शेकडो गावे जमीनदोस्त झाली, तेव्हा यॉर्कशायरमधील कीथली या गिरण्यांच्या गावाने १९२० साली प्वा-द्यू-नॉर या उद्ध्वस्त खेड्याचे जणू पालकत्व पत्करले. या दोन गावांचा संबंध हा अशा जोडणीचा आद्य नमुना मानला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कल्पना अधिक धीट झाली. १९५० साली फ्रान्समधील माँबेलियार आणि जर्मनीतील लुडविग्सबुर्ग या कालपर्यंत शत्रू असलेल्या नगरांनी एकमेकांना जवळ केले, आणि पुढील दोन-तीन दशकांत पश्चिम युरोपातील गावोगावच्या वेशींवर परदेशस्थ जुळ्या गावाचे नाव लिहिलेले फलक उभे राहिले. दोन नगराध्यक्षांच्या स्वाक्षरीचा लेख हा त्यातला केवळ दर्शनी भाग होता. खरे काम नागरिकांच्या समितीचे. एका वर्षी आपण जावे, दुसऱ्या वर्षी त्यांनी यावे; प्रवासखर्च बहुधा पाहुण्याने सोसावा, निवास आणि भोजन यजमानाने आपल्या घरात द्यावे; शाळेतील मुले, वाद्यवृंद, फुटबॉलचे संघ यांनी भाषेची उणीव भरून काढावी, असा हा साधा शिरस्ता होता. समितीतील माणसे वृद्ध झाली आणि नवी पिढी पुढे आली नाही, तेथे हा धागा तुटलाही. बिशप्स स्टॉर्टफर्ड या इंग्रजी गावाने २०११ साली फ्रान्समधील व्हिलिये-स्युर-मार्न आणि जर्मनीतील फ्रिडबर्ग या दोन्ही गावांशी असलेले संबंध संपविले, तेव्हा तिकडील अनेकांना वाईट वाटले. तथापि लेख कितीही पक्का असला तरी जाणारी-येणारी माणसे सरली की तो निरर्थक होतो, एवढे त्यावरून स्पष्ट झाले.

आपल्या महानगरांनीही अशा सनदा केलेल्या आहेत. मुंबई आणि योकोहामा यांची जोडी १९६५ सालची, पुणे आणि सॅन होजे यांची १९९२ सालची. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान तर ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर उभारलेले, पुणे-ओकायामा मैत्रीचे सुंदर प्रतीक आहे, आणि तेथील जलाशयाकाठी बसून कोणाही पुणेकराला प्रसन्न वाटावे. परंतु मैत्री म्हणजे आपल्या चुलीवर शिजलेले अन्न दुसऱ्याच्या पानात पडणे असा अर्थ घेतला, तर शिष्टमंडळांच्या भेटीगाठींनी आणि उद्यानांनी ती पुरती सिद्ध होते असे म्हणवत नाही. या निकषावर बारामती आणि इंदापूर ही दोन तालुक्यांची गावे त्या महानगरांच्या कितीतरी पुढे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विषयाचा विचार करताना मला वारंवार ज्या गृहस्थांचे स्मरण होते, ते योगायोगाने फ्रेंचच होते. गी देल्यूरी हे जेझुइट पंथाचे विद्वान भारतात दीर्घकाळ राहिले, मराठी शिकले, आणि तुकोबांच्या निवडक अभंगांचे त्यांनी केलेले फ्रेंच भाषांतर पॅरिसच्या गालिमार या नामांकित प्रकाशनसंस्थेने १९५६ साली प्रसिद्ध केले. त्या संग्रहाच्या शीर्षकाचा अर्थ ‘यात्रिकाची स्तोत्रे’ असा होतो. ग्रंथकर्त्याने तुकोबांना संत, कवी, तत्त्वज्ञ अशी कोणतीही उपाधी न देता यात्रिक म्हटले, यातच त्याची मर्मदृष्टी दिसते. पुढे १९६० साली डेक्कन कॉलेजाने त्यांचा विठ्ठलसंप्रदायावरील इंग्रजी प्रबंध प्रकाशित केला. त्यात केवळ पोथ्यांचा खल नाही. पालखीची रचना, दिंड्यांचा क्रम, वाटेवरचा नित्यनेम यांचा तपशीलही आहे. ज्या दशकात त्यांच्या मायदेशातील गावे परक्या गावांशी मैत्रीचे लेख करीत होती, त्याच दशकात हा फ्रेंच माणूस महाराष्ट्रात लेखावाचून चालत आलेल्या मैत्रीचा अभ्यास करीत होता, ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. धर्माने, भाषेने, वर्णाने परका असलेला हा अभ्यासक तुकोबांपर्यंत पोहोचू शकला, कारण वारीची वाट जन्माचा दाखला विचारीत नाही.

ती वाट ज्या व्यवस्थेवर चालते, ती पाहण्यासारखी आहे. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीचा सोहळा सुरू केला, असे परंपरा सांगते. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन ते आळंदीस येत आणि ज्ञानोबांच्या पादुकांसह पंढरीस जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांचा सोहळा स्वतंत्र केला, तेव्हापासून दोन वाटा झाल्या, आणि त्यांपैकी देहूची वाट बारामती-इंदापुराच्या वाट्याला आली. दिंड्यांचे रथापुढील आणि रथामागील क्रमांक ठरलेले, विणेकरी ठरलेला, चोपदाराचा शब्द अखेरचा. जेवणखर्चासाठी प्रत्येकाने भिशी भरावयाची, पाल-राहुट्यांची आणि शिध्याची मालमोटार पुढे धाडावयाची. म्हणजे वारकरी हा कोणाच्या दयेवर निघालेला नसतो. आणि तरीही अमुक दिंडी अमुक आळीत अमुक घरी उतरावयाची, तिची एक पंगत त्या घराने घालावयाची, ही वहिवाट कोणत्याही कागदावाचून चालू राहते. नारळाच्या तेलाने पाय चोळून देणारे, तुटलेली वहाण शिवून देणारे, मोफत दाढी करून देणारे हात या वाटेवर गावोगाव भेटतात. बेलवाडीच्या रिंगणात अश्व धावतात तेव्हा डोळे भरून येतात हे खरे, पण रिंगण संपल्यावर एखादी माउली परक्या माणसाला ‘दमला असाल, टेका जरा’ म्हणते, त्या क्षणाचे मोल मला अधिक वाटते.

या चित्राला एक काळी किनारही होती, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. इरावती कर्वे यांनी ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालून ‘वाटचाल’ हा जो लेख लिहिला, त्यात एकाच दिंडीत एकत्र अभंग म्हणणारी माणसे जेवावयास मात्र जातीजातींनी वेगळी बसतात, याचे दुःख त्यांनी मोकळेपणाने मांडले आहे. आज पंगतीचे ते रूप पुष्कळच पालटले आहे. तरी कोणती दिंडी कोणत्या आळीत उतरते याची पाहणी प्रत्येक मुक्कामाच्या गावाने प्रामाणिकपणे केली, तर शिकण्यासारखे बरेच सापडेल.

बारामती आणि इंदापूर यांचा आपसांतील संबंधही लक्षात घेतला पाहिजे. एक मोरोपंतांची कर्मभूमी. पन्हाळ्यास जन्मलेल्या त्या कवीला बारामतीकर नाईकांनी आश्रय दिला आणि १७९४ साली त्याचा देह येथेच पडला. दुसरे भोसले घराण्याच्या जहागिरीच्या इतिहासातले, मालोजीराजांच्या गढीचे कसब्याचे गाव. नीरेच्या डाव्या कालव्याने, म्हणजे १८८५ सालापासून, या दोहोंना एका पाण्यावर बांधले आहे, आणि एका पाण्यावरची माणसे भांडतातही. कालव्याच्या शेवटाकडील इंदापूर तालुक्यातल्या गावांनी, ज्यांना आपण टेलची गावे म्हणतो त्यांनी, पाणी पोचत नसल्याची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. उजनीच्या जलाशयात पळसदेवसारखे गाव बुडाले, तेथील रयतेने नव्या जागी पुन्हा चूल मांडली, हा इतिहास तर अगदी अलीकडचा. वर्षभर पाण्यासाठी एकमेकांकडे साशंकतेने पाहणारे हे दोन तालुके आषाढात मात्र एकाच पालखीची सेवा खांदेपालट केल्याप्रमाणे एकमेकांच्या हाती सोपवितात, आणि सराटीस नीरेत पादुकांना स्नान घालून सोलापूर जिल्ह्याच्या स्वाधीन करतात. शेजाऱ्यांची मैत्री दूरस्थांच्या मैत्रीपेक्षा अवघड असते, कारण शेजाऱ्यांमध्ये वाटून घ्यावयाचे काही तरी असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. युरोपातील जुळ्या गावांत येणे आहे आणि जाणेही आहे. आपल्या वारीत दिंडी आपल्याकडे येते, जेवते, निजते, पहाटे निघून जाते. परंतु आपण त्या दिंडीच्या गावी कधी जात नाही. मराठीत नातेसंबंधाला ‘येणेजाणे’ असा जोडशब्द आहे, आणि त्याचा उत्तरार्ध आपण सोडून दिला आहे. याचा परिणाम काय होतो, हे मला माझ्या घराच्या अनुभवावरून सांगता येईल.

आमच्या बारामतीच्या जुन्या घरी लातूर जिल्ह्यातील एका खेड्याची दिंडी माझ्या आजोबांच्या काळापासून उतरते. तिचे वृद्ध विणेकरी बुवा आमच्या न्हाणीघरात कधी अर्ध्या बादलीहून अधिक पाणी घेत नसत. आई आग्रह करी, ते हात जोडून नको म्हणत, आणि आम्ही मुले ते त्यांचे वैराग्य समजून मनोमन नमस्कार करीत असू. २०२० साली साथीमुळे वारी पायी निघालीच नाही, पादुका एसटीच्या बसने पंढरीस गेल्या, आणि ज्या दिवशी ओसरीवर पंचवीस-तीस माणसांची पंगत बसावयाची त्या दिवशी तेथे कोणीही नव्हते. सायंकाळी बुवांचा दूरध्वनी आला. ‘माय, समदी बरी हायेत का?’ एवढेच त्यांनी विचारले. आईने फोन ठेवला आणि वाट मोकळी झाल्यावर आपण त्यांच्या गावी जावयाचे, असे तेव्हाच जाहीर केले.

पुढे एका चैत्रात आम्ही गेलो. गावच्या वेशीवर टँकर उभा होता आणि त्याच्यापुढे घागरींची रांग होती. बुवांनी आम्हांस ओसरीवर बसविले, आमच्या घरातील प्रत्येक माणसाची नावानिशी विचारपूस केली, आणि हातपाय धुण्यासाठी पाणी पुढे केले ते भरून काठोकाठ. आईने त्या बादलीकडे पाहिले, मग रांगेकडे पाहिले, आणि ती बराच वेळ काही बोलली नाही. ज्याला आम्ही इतकी वर्षे वैराग्य म्हणत होतो, ती अवर्षणाची सवय होती. कालव्याच्या गावात राहणाऱ्या आम्हांला आमच्या पाहुण्याविषयीची इतकी मूळची गोष्ट ठाऊक नव्हती, कारण त्याला आम्ही केवळ पाहुणा म्हणून ओळखत होतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशा प्रत्येक मुक्कामाच्या गावाने आपल्याकडे उतरणाऱ्या दिंड्यांच्या गावांची एक वही करावी, आणि सुगी आटोपल्यावर प्रत्येक वर्षी त्यांपैकी एका तरी गावी पाच-सात माणसांनी, त्यांत शाळेतील दोन मुले असावीत, जाऊन दोन दिवस राहावे. खर्च जाणाऱ्यांनी सोसावा, भाकरी त्या गावाने घालावी. चौपदरी रस्त्यामुळे चालणाऱ्यांची सोय होईल आणि ती झालीच पाहिजे. परंतु रुंद रस्ता गावाला वळसा घालून जाऊ लागला, पंगती घरांतून उठून मोठमोठ्या मंडपांत गेल्या, म्हणजे यजमान आणि पाहुणा यांना एकमेकांचे नाव माहीत असण्याचे कारण उरत नाही. ते कारण आपणच निर्माण केले पाहिजे. पंढरीहून परतीच्या वाटेला लागलेल्या पालखीबरोबर थोडीच माणसे असतात, छायाचित्रकार तर नसतातच. त्या दिवसांत एखाद्या दिंडीला थांबवून ‘आम्ही तुमच्या गावी केव्हा यावे?’ असे विचारले, तरी आरंभ होईल.

यंदा दिंडी आली तेव्हा आईने न्हाणीघरात दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. बुवांनी नेहमीप्रमाणे अर्ध्या बादलीत स्नान उरकले आणि उरलेले पाणी अंगणातल्या तुळशीला व जास्वंदीला घातले. ‘बुवा, पाणी पुष्कळ आहे,’ असे आई दरवर्षी म्हणत असे. या वर्षी ती तसे म्हणाली नाही. तिने फक्त विचारले, ‘तुमच्याकडे पाऊस झाला का?’