आवाजांना पेलतील अशी उपासनागीते
छोट्या चर्चच्या गायनवृंदाने नाताळ व ईस्टरसाठी गाणी कशी निवडावीत?

- प्रतिनिधी

नाताळ जवळ आला की महानगरांतील मोठ्या चर्चमध्ये ऑर्गनच्या साथीने चार सुरावटींत बांधलेली कॅरल्स घुमू लागतात. गडचिरोली जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या, जंगलाने वेढलेल्या तालुक्यात उपासनेसाठी जमणाऱ्या एखाद्या लहानशा मंडळीपुढचा प्रश्न मात्र निराळा असतो. गाणारे आठ-दहा, साथीला पेटी आणि ढोलकी, सरावाला आठवड्यातून एखादी संध्याकाळ. अशा वेळी शहरातील कार्यक्रमाची नक्कल केली, तर गायनवृंद अडखळतो आणि समोर बसलेली मंडळी गप्प होते. उपासना ही सर्वांनी मिळून करावयाची असल्याने हे नुकसान केवळ संगीताचे राहत नाही.

दोन पंचांगे

गीतांची निवड चर्चच्या वर्षक्रमानुसार होते. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान सुरू होतो. हा प्रतीक्षेचा काळ असल्याने जन्मोत्सवाची गाणी तेव्हाच संपवून टाकू नयेत, असा संकेत आहे. ईस्टरची तारीख चंद्रावर अवलंबून असून ती २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरते. त्याआधीच्या उपवासकाळात लॅटिन पद्धतीच्या कॅथलिक चर्चमध्ये ‘आलेलुया’ म्हटले जात नाही आणि वाद्ये केवळ गायनाला आधार म्हणून वाजवली जातात. मोठ्या वाद्यवृंदाविना गाणाऱ्यांना हा काळ खरे तर सोयीचाच.

या भागात आणखी एक बारकावा आहे. बल्लारपूर येथे मुख्यालय असलेला चांदा धर्मप्रांत केरळच्या सिरो-मलबार परंपरेतील आहे. तेथे उपवासकाळ राखेच्या बुधवारी नव्हे, तर त्याआधीच्या सोमवारी सुरू होतो. त्यामुळे दुसऱ्या पंथाच्या पुस्तकातून गीतांची यादी जशीच्या तशी उचलण्यापूर्वी आपल्या मंडळीची दिनदर्शिका पाहणे आवश्यक ठरते.

दुसरे पंचांग जंगलाचे. आगमनकाळ धानाच्या कापणी-मळणीला लागून येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी पहाटेच घराबाहेर पडावे लागते, आणि पुढे तेंदूपानांचा हंगाम येतो. म्हणजे ईस्टरच्या तयारीचे नेमके दिवस कष्टाचे असतात. तेव्हा प्रत्येक पर्वासाठी तीन ओळखीची गीते आणि एकच नवे, एवढे प्रमाण पुरेसे मानावे. नवे गीतही आधी धृपदापुरते शिकवावे, कडवी नंतर.

पट्टी आणि पल्ला

गीत सोपे की अवघड, हे ते किती प्रसिद्ध आहे यावरून ठरत नाही. ‘सायलेंट नाइट’ हे गीत २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबेर्नडॉर्फ या लहान गावी दोन गायक आणि एक गिटार एवढ्याच सामग्रीवर प्रथम गायले गेले. जगप्रसिद्ध कॅरलचा जन्म असा साधेपणात झाला. तरीही त्याची चाल मध्य षड्जापासून तार मध्यमापर्यंत जाते, त्यामुळे शेवटच्या ओळींत अनभ्यस्त आवाज फाटतो. याउलट ‘जॉय टु द वर्ल्ड’ची चाल बरोबर एका सप्तकात मावते. तिची लय जलद असली, तरी स्वर आवाक्यातले आहेत.

निवडीचा साधा निकष यातून मिळतो. गीत एका सप्तकात बसावे आणि पेटीवर काळी एकच्या आसपासचा षड्ज धरावा. त्या पट्टीत पुरुष खालच्या व स्त्रिया वरच्या सप्तकात एकत्र गाऊ शकतात. दोन-तीन सुरावटींचा हट्ट धरण्यापेक्षा एकच चाल सर्वांनी सुरात म्हणणे श्रेयस्कर. मोबाइलवरील तयार ट्रॅकचा मोहही जपून धरावा. त्याची पट्टी आणि लय व्यावसायिक गायकाला साजेशी असते, आणि मागे पडलेल्या वृद्धासाठी तो थांबत नाही.

भाषांतरित कॅरल्समध्ये आणखी एक अडचण असते. पाश्चात्त्य चालीत जेथे स्वर लांबतो, तेथे मराठी शब्दातील ऱ्हस्व अक्षर आले, तर शब्द मोडतो आणि अर्थ हरवतो. म्हणून गीत आधी चालीविना मोठ्याने वाचून पाहावे.

घरचा वारसा

वस्तुतः मराठी ख्रिस्ती परंपरेकडे यावर जुने उत्तर आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापले गेले, ते ओवीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या जीवनाला वळण देणारी घटना तर याच पट्ट्यातली. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी अभंग आणि कीर्तन हे प्रकार ख्रिस्ती उपासनेसाठी वापरले. त्यांची अनेक गीते ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत. टिळकांचे निधन १९१९ मध्ये झाले असल्याने त्यांच्या मूळ रचनांवर आज स्वामित्वहक्काचे बंधनही नाही.

एकाने ओळ म्हणावी आणि इतरांनी ती उचलावी, ही भजनाची पद्धत लहान गायनवृंदाला सर्वाधिक उपयोगाची. तीत पुस्तक नसलेला, वाचता न येणारा माणूसही सहभागी होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्थानिक लोकसंगीताला योग्य स्थान द्यावे, असे म्हटले आहे. धानोरा परिसरात त्याचा अर्थ गोंडी चालींपर्यंत जातो. मात्र एखादी चाल घेण्यापूर्वी ती कोणत्या प्रसंगी म्हटली जाते, हे गावातील जाणत्यांना विचारणे हे सौजन्यच नव्हे, तर कर्तव्य आहे.

अखेरीस कसोटी एकच. नाताळच्या रात्री उपासना संपवून घरी परतणाऱ्या मुलांच्या ओठांवर ते धृपद असेल, तर निवड योग्य झाली असे समजावे.