ग्रंथ हाच मुद्देमाल

ख्रिस्तोफर मॉर्ले यांच्या १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हॉन्टेड बुकशॉप’ या कादंबरीत, ब्रुकलिनमधील जुन्या पुस्तकांचे विक्रेते रॉजर मिफ्लिन यांच्या फळीवरून कार्लाइलने संपादिलेला क्रॉमवेलच्या पत्रांचा व भाषणांचा ग्रंथ नाहीसा होतो, जागेवर येतो आणि पुन्हा नाहीसा होतो. चोर नेलेला माल परत आणून ठेवीत नसतो. म्हणूनच, रक्ताचा थेंबही सांडलेला नसताना, एवढ्याशा विसंगतीने वाचकाचे कुतूहल जागे होते. पुढे जाहिरातींच्या धंद्यातील ऑब्री गिल्बर्ट या तरुणाला त्या ग्रंथाचे नुसते पुठ्ठे एका औषधविक्रेत्याच्या दुकानात सापडतात, आणि अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्या जिवावर उठलेला कट उलगडू लागतो.

हिंसा पडद्याआड ठेवणाऱ्या, तपास फौजदाराऐवजी एखाद्या चौकस सामान्य माणसाकडे सोपविणाऱ्या आणि ग्रंथांच्या सान्निध्यात वावरणाऱ्या या सौम्य रहस्यकथांचे आकर्षण केवळ त्यांच्या निवांत वातावरणात आहे, असे मला वाटत नाही. वाचनाने अंगी बाणलेली जी वृत्ती, म्हणजे ओळ न गाळणे, संदर्भ ताडून पाहणे, जागा बदललेली वस्तू ध्यानी येणे, तीच येथे गुन्ह्याचा छडा लावते.

ॲगाथा क्रिस्टी यांच्या ‘द बॉडी इन द लायब्ररी’मध्ये (१९४२) कर्नल बँट्री यांच्या घरातील ग्रंथांच्या खोलीत एका अनोळखी तरुणीचे प्रेत आढळते. ही कल्पना तोवर इतकी रूढ झाली होती की, लेखिकेने खोली हेतुपुरस्सर सरधोपट योजिली आणि प्रेत तिला सर्वस्वी विजोड. त्या प्रेताची कुरतडलेली नखे, जी पंचनाम्यात एका ओळीपुरती असावयाची, ती क्रिस्टींच्या हौशी शोधक मिस मार्पलच्या लेखी महत्त्वाची साक्ष ठरतात.

डोरोथी सेयर्स यांच्या ‘गॉडी नाइट’मध्ये (१९३५) तर खूनच नाही. ऑक्सफर्डमधील एका काल्पनिक स्त्रीमहाविद्यालयात निनावी पत्रे फिरतात, एका विदुषीच्या ग्रंथाची मुद्रिते विद्रूप केली जातात, आणि लेखिका हॅरिएट व्हेन तपासास बसते. अखेर या द्वेषाचे मूळ, एका संशोधकाने आपल्या प्रबंधाला बाधक ठरणारा पुरावा दडपला होता, या जुन्या प्रकरणात सापडते. जेथे सत्य हेच दैवत, तेथे एक कागद दडविणे हाही घोर अपराध होय, हे या कादंबरीइतके गांभीर्याने क्वचितच कोणी मांडले असेल.

१९८७ पासून कॅरोलिन हार्ट यांनी आपल्या कादंबऱ्यांत साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळील बेटावर रहस्यकथांचेच दुकान थाटले. तेथील गिऱ्हाइके भिंतीवरील चित्रांवरून कादंबऱ्या ओळखतात. केट कार्लाइल यांची नायिका ग्रंथांची बांधणी करते. अँथनी होरोविट्झ यांच्या ‘मॅगपाय मर्डर्स’मध्ये (२०१६) हस्तलिखिताचा अखेरचा भागच गहाळ असून, त्याचा शोध संपादिकेस घ्यावा लागतो.

ही शेवट हरवलेली कथा वाचताना मला बालपणीची एक रात्र आठवली. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांचे वाचनालयातून आणलेले एक पुस्तक, आणि हातोहात फिरून गळालेली त्याची शेवटची पाने! कंदिलाशी बसून मी मागील प्रकरणे पुन्हा वाचली, आणि कोणाची जबानी कोठे पालटली ते बोटावर मोजले. गुन्हेगार कोण, याची खातरजमा आजतागायत झालेली नाही. परंतु पहिल्या वाचनी निसटलेली तीन वाक्ये त्या रात्री हाती लागली, आणि वाचणे म्हणजे काय, हे त्या फाटक्या पुस्तकाने मला शिकविले.