पद्मिनीची दांडी

बहुतेक प्रीमियर पद्मिनींत गिअरची दांडी खाली नसते, स्टिअरिंगला लागून असते. मुंबईत २०२३ पर्यंत धावलेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत जे बसले, त्यांना ती आठवेल. दांडीची हालचाल सळया आणि सांधे यांच्यामार्फत गिअरबॉक्सपर्यंत पोचते. सांध्यांतले बुश झिजले की जागोजागी थोडी थोडी ढिलाई साचते. हात दुसऱ्या गिअरवर आणि गिअरबॉक्स मात्र न्यूट्रलमध्येच!

आमचे वडील मिस्त्री. गेल्या दिवाळीत एका निवृत्त शिक्षकांची पद्मिनी आली. दुसऱ्या एका गॅरेजने त्यांना गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणून सांगितले होते. वडिलांनी आधी इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहिले. (बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना खरखरतात, तर संशय क्लचवर घ्यावा.) इथे बंद गाडीतही दांडी अडत होती. मग चाकांना विटा लावून ते खाली शिरले आणि गिअरबॉक्सवरचा लिव्हर हातानेच हलवला. गिअर पडला. म्हणजे दोष बाहेरचा.

मी वर दांडी हलवत होतो, ते खालून "पुन्हा!" ओरडत होते. कोणता सांधा डुलतो ते त्यांनी बोटाने ओळखले. बुश बदलले, मग न्यूट्रलमध्ये सळईची लांबी आट्यांवर जुळवून चेकनट कसला. पुष्कळ जण झिजलेले बुश तसेच ठेवून नुसती सळई फिरवतात. त्याने एक गिअर सुधारतो आणि दुसरा बिघडतो.

गुरुजींनी फेरी मारली. चारही गिअर पडले. बिल फक्त बुशांचे आणि मजुरीचे. "किती शिकलात?" त्यांनी विचारले.

"चौथी," म्हणून वडील हात पुसू लागले.