दंड भरला, पण देश सुटला

न्यू जर्सीचे वार्तापत्र
एडिसन, न्यू जर्सी

आमच्या गावाहून, भडगावहून, हल्ली जे फोन येतात, त्यांत एक प्रश्न हटकून असतो. भाचा नाहीतर पुतण्या इकडे एम.एस.ला आलेला असतो आणि घरच्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं की, दुकानातली किरकोळ वस्तू उचलली म्हणून एका पोराचा व्हिसा गेला. एवढ्याशा गोष्टीला कुणी देशाबाहेर काढतं का? जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या भारतातल्या वकिलातीनं जाहीर सांगितलं की मारहाण, चोरी, घरफोडी केली तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढच्या व्हिसाची वाटही बंद होऊ शकते. तेव्हापासून हे फोन वाढलेत. म्हणून या खेपेचं पत्र त्यावरच.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यावी. इथे एकाच घटनेचे दोन हिशेब होतात, एक फौजदारी कोर्टात आणि दुसरा इमिग्रेशन खात्यात. पहिला हिशेब पटकन मिटवायला गेलं की दुसरा अंगावर येतो. ‘कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो’ हा आपल्याकडचा व्यवहारी सल्ला इथे नेमका घात करतो.

बहुतेक गावांना इथे स्वतःचं म्युनिसिपल कोर्ट आहे. वाहतुकीची चलनं, शेजाऱ्यांची भांडणं आणि दुकानचोऱ्या तिथेच चालतात. सेल्फ-चेकआउटवर चार वस्तू आणून तीनच स्कॅन करणारा विद्यार्थी तिथे हमखास दिसतो. माल २०० डॉलरच्या आतला असेल, तर न्यू जर्सीत तो ‘डिसऑर्डर्ली पर्सन्स’ गटातला गुन्हा. कैद जास्तीत जास्त सहा महिने. प्रत्यक्षात दंड आणि पहिल्या खेपेला किमान दहा दिवस समाजसेवा. नागरिक नसलेल्या माणसाला गुन्हा कबूल करणं इमिग्रेशनच्या बाबतीत भोवू शकतं, ही सूचना कोर्टात दिली जाते. पोरगा मान डोलावतो, ‘गिल्टी’ म्हणतो, खिडकीवर कार्ड स्वाइप करतो, पावती खिशात घालतो. त्याच्या लेखी विषय संपला.

इमिग्रेशनच्या लेखी तो तिथून सुरू होतो. १९९६ च्या कायद्यानं ‘दोषसिद्धी’ची व्याख्या फार रुंद केली. गुन्हा कबूल केला आणि कसलीही शिक्षा किंवा बंधन आलं, की झाली दोषसिद्धी. कोर्टानं निकाल राखून ठेवला, पुढे राज्याच्या कायद्यानं नोंद पुसून दिली, तरी इमिग्रेशनच्या वहीत ती राहते. चोरी हा त्यांच्या लेखी सहसा ‘नैतिक अधःपतना’चा गुन्हा. देशात प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा एक गुन्हा केला आणि त्याला कायद्यात वर्षभराची कैद असली, तरी माणूस हद्दपारीला पात्र होतो. प्रत्यक्षात एक दिवसही आत काढला नसला तरी. वेगवेगळ्या प्रसंगांतले असे दोन गुन्हे असतील, तर पाच वर्षांची मर्यादाही उरत नाही.

न्यू जर्सीतला आपला पोरगा सहा महिन्यांच्या कमाल शिक्षेमुळे पहिल्या वेळी बहुधा वाचतो. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये याच प्रकारच्या गुन्ह्याला पूर्वी कमाल ३६५ दिवसांची कैद होती. २०१९ मध्ये त्या राज्यानं ती ३६४ केली. तुरुंगाच्या दृष्टीनं त्या एका दिवसाला काही किंमत नाही. ग्रीन कार्डवाल्याच्या संसाराच्या दृष्टीनं तो फार मोठा आहे. कायदा मुद्दाम त्यासाठीच बदलला.

हद्दपारी ही इथे शिक्षाच मानत नाहीत. १८९३ पासून सर्वोच्च न्यायालयाची तीच भूमिका आहे. आपल्या जिल्ह्यात तडीपारीचा हुकूम फौजदारी कोर्ट काढत नाही, प्रांत किंवा पोलीस अधिकारी काढतात. तसाच काहीसा प्रकार. इथले इमिग्रेशन न्यायाधीश केंद्राच्या न्याय खात्याचे नोकर आणि तिथे सरकारी खर्चानं वकील मिळत नाही. फरक एवढाच की आपली तडीपारी दोन वर्षांपर्यंत आणि जिल्ह्यापुरती. इथली देशातून, कधीकधी कायमची.

पूर्वी शिक्षा सुनावणारा न्यायाधीशच ‘याला हद्दपार करू नये’ अशी शिफारस करू शकत असे आणि ती बंधनकारक असे. १९९० मध्ये संसदेनं तो अधिकार काढून घेतला. त्यामुळे सगळा भार वकिलावर आला. होंडुरासचा होजे पडिया चाळीसेक वर्षं इथे राहिलेला, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेला ट्रकचालक. गांजाच्या वाहतुकीत सापडला. वकील म्हणाला, इतकी वर्षं इथे आहेस, काळजी करू नकोस. त्यानं गुन्हा कबूल केला आणि हद्दपारी जवळपास अटळ झाली. ३१ मार्च २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, गुन्हा कबूल करण्याआधी अशा परिणामांची कल्पना देणं हे बचावाच्या वकिलाचं कर्तव्यच आहे. आपल्या पोरांनी वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं.

हे झालं दोष सिद्ध झाल्यावरचं. नुसत्या अटकेनंही गाडी रुळावरून उतरते. न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा नाही, वाहतुकीचा आहे. तरी २०१५ पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं त्या अटकेवरूनच, निकालाची वाट न पाहता, व्हिसा रद्द करतं. व्हिसा रद्द झाला म्हणून इथलं राहणं त्याच दिवशी बेकायदा होत नाही, आणि गोम तिथेच आहे. गडी नोकरी करत राहतो, आखाजीला नाहीतर बहिणीच्या लग्नाला घरी येतो, आणि परतीसाठी मुंबईच्या वकिलातीत पुन्हा अर्ज करायची पाळी येते. वर दारूच्या सवयीची वैद्यकीय तपासणी. तोवर इकडच्या घराचं भाडं चालू आणि नोकरी टांगणीला.

२०२५ च्या वसंतात तर हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या ‘सेव्हिस’ या सरकारी नोंदवहीतल्या नोंदी सरकारनं पोलिसांच्या डेटाबेसशी ताडून बंद केल्या. कित्येकांवरचे आरोप कधीच मागे घेतलेले होते, काहींच्या नावावर निव्वळ वाहतुकीचं चलन होतं. इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेनं तपासलेल्या ३२७ प्रकरणांतले निम्मे विद्यार्थी भारतीय निघाले. पोरं कोर्टात गेली आणि २५ एप्रिलला सरकारनं नोंदी पूर्ववत करत असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी जानेवारीतल्या लेकन रायली कायद्यानं, बेकायदा आलेल्या माणसावर दुकानचोरीचा आरोप जरी आला, तरी त्याला डांबून ठेवणं सक्तीचं केलं.

ग्रीन कार्डवाले स्वतःला सुरक्षित समजतात. पण जुन्या गुन्ह्याची नोंद असलेला माणूस गावी जाऊन आला, तर नेवार्क विमानतळावर त्याला नव्यानं प्रवेश मागणारा धरता येतं, आणि प्रवेशाचे नियम हद्दपारीच्या नियमांहून वेगळे आहेत. जो घरी बसून राहिला असता तर कुणी हात लावला नसता, तो विमानात बसल्यामुळे अडकतो. नागरिकत्वाच्या अर्जात तर आयुष्यातली प्रत्येक अटक विचारतात. कोर्टानं पुसून दिलेलीसुद्धा सांगावी लागते.

आरोपाची ताकद आपल्या महाराष्ट्रानं एकदा जवळून पाहिली आहे. न्यूयॉर्कमधल्या भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना १२ डिसेंबर २०१३ रोजी अटक झाली. घरकामासाठी आणलेल्या बाईच्या व्हिसा अर्जात पगाराची खोटी माहिती दिली, हा आरोप. जानेवारीत पूर्ण राजनैतिक संरक्षण मिळालं आणि त्यांना देश सोडावा लागला. मार्चमध्ये न्यायाधीशांनी आरोपपत्र रद्द केलं. दोन दिवसांत सरकारी वकिलांनी नवं दाखल केलं. कोर्टात काहीही शाबीत झालेलं नसताना, त्यांचं नाव व्हिसाच्या नजरयादीत जाईल असं अमेरिकेनं जाहीर केलं होतं. पती अमेरिकन नागरिक असूनही.

खोट्या फॉर्मचा हा धडा भडगावात बसून व्हिसाचा अर्ज भरणाऱ्यानं आधी घ्यावा. तुम्हाला कधी अटक झाली का, कधी दोषी ठरलात का, मग माफी मिळालेली असली तरी, असं त्या फॉर्मात स्पष्ट विचारलंय. एजंट सांगतो, ‘नाही’वर टिक कर, तिकडे कुणाला कळतंय. पण महत्त्वाची गोष्ट लपवून व्हिसा मिळवल्याचं ठरलं, तर बंदी आयुष्यभराची. मूळ भानगड कॉलेजातल्या हाणामारीची, आणि शिक्षा मात्र खोटं बोलण्याची.

आपल्याकडे प्रकरण मिटवण्याच्या दोन तऱ्हांमधलाही फरक ध्यानात घ्या. लोकअदालतीत कायदेशीर तडजोड झाली तर आपल्या कायद्यानं ती निर्दोष सुटका असते. गुन्हा कबूल करून दंड भरला, किंवा १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सुटलात, तर आपल्याकडे नोकरीला ते आड येत नसेलही, अमेरिकेच्या व्याख्येत ती दोषसिद्धी भरते. खटला चालू असेल, तर पासपोर्टच अडतो. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाची परवानगी घ्यावी लागते आणि मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकच वर्षाचा मिळतो.

म्हणून ज्याच्या नावावर पोलीस ठाण्यात काहीही लागलं असेल, त्यानं विमानात बसण्याआधी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज टाकावा. फिर्याद, दोषारोपपत्र आणि अंतिम आदेश, तिन्हींच्या प्रमाणित नकला घ्याव्यात, इंग्रजी भाषांतर करून पासपोर्टसोबत ठेवाव्यात. वर्षं उलटली की जुनं दप्तर नष्ट होतं, आणि मग आपण सुटलो होतो हे दाखवायला आपल्याकडेच कागद उरत नाही.