सममिती मोडते म्हणजे काय?



'हिग्ज कण' हे नाव वाचून मुले विचारतात, की कणांना वस्तुमान मिळते म्हणजे नेमके काय होते? उत्तर 'सममितीचा स्वयंस्फूर्त भंग' या कल्पनेत आहे. ('सममिती' हा शब्द आम्ही हिंदीतून शिकलो, मराठीतही तोच आहे.)

काचेची अशी बाटली घ्या, जिच्या तळाला मधोमध उंचवटा असतो. त्याच्या टोकावर एक छोटी गोटी ठेवली तर सर्व दिशा तिला सारख्याच. पण ती तिथे टिकत नाही, घरंगळून भोवतालच्या खोबणीत कुठेतरी एका बाजूला थांबते. बाटली गोल ती गोलच राहिली. म्हणजे नियम मोडला नाही, फक्त गोटीच्या जागेत ती गोलाई आता दिसत नाही. लोखंडातही असेच घडते. 770 अंश सेल्सियसच्या वर त्यातील सूक्ष्म चुंबक वाटेल त्या दिशेला असतात. थंड होताना लोखंडाच्या लहान लहान भागांत ते एकेका दिशेला वळतात. कोणत्या, हे नियमात लिहिलेले नसते.

अतिवाहकतेच्या अभ्यासातून हा विचार कणांच्या जगात 1960 च्या सुमारास आणला तो योइचिरो नांबू यांनी. त्यांना 2008 मध्ये नोबेल मिळाले. पुंज क्षेत्र सिद्धांतात प्रत्येक कण म्हणजे एखाद्या क्षेत्रातील लहर. बहुतेक क्षेत्रे शांत असताना शून्य असतात. हिग्ज क्षेत्र मात्र गोटीसारखे शून्यावर टिकत नाही, रिकाम्या अवकाशातही त्याला काही मूल्य असते. 1964 मध्ये ब्राउट, आंग्लेर आणि हिग्ज यांनी, आणि 1967 मध्ये वाइनबर्ग यांनी दाखवले, की अशा क्षेत्रामुळे डब्ल्यू आणि झेड हे कण जड होतात. प्रकाशाचा फोटॉन मात्र वस्तुमानरहितच राहतो. डब्ल्यू प्रोटॉनच्या सुमारे 86 पट जड आहे, म्हणूनच दुर्बल बल इतके दुर्बल. सूर्यातील हायड्रोजन जळण्याची पहिली पायरी याच बलावर अवलंबून आहे, आणि तो अब्जावधी वर्षे पुरतो याचे हे एक मोठे कारण.

गोटी खोबणीच्या चढावर वर-खाली हलावी तशी हिग्ज क्षेत्रात उठणारी लहर म्हणजे हिग्ज कण. तो सापडल्याचे सर्नने 4 जुलै 2012 रोजी जाहीर केले. वर्तमानपत्रांनी त्याला 'देवकण' म्हटले, मला ते नाव रुचत नाही. आणि आपले सारे वजन त्याच्यामुळे, हेही खरे नाही. प्रोटॉनचे बहुतेक वस्तुमान आतील क्वार्क आणि ग्लुऑन यांच्या ऊर्जेतून येते. पण इलेक्ट्रॉनचे वस्तुमान हिग्ज क्षेत्राचेच देणे आहे, आणि ते शून्य असते तर अणू बनलेच नसते.

— प्राचार्य