ओझरला आलात तर दर्शनानंतर काय? कुकडीच्या काठाने एक भटकंती

हा भाग मी ओझरला, घराच्या गच्चीवर बसून रेकॉर्ड केलाय. मागे शेतातली मोटार चालू आहे आणि मध्ये एकदा आजीने हाक मारलीय. एडिटमध्ये काढता आलं असतं, पण राहू दिलं.

विषय कुठून निघाला ते सांगतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि आमच्या टीममधला एक जण आयर्लंडचा. सोमवारी कॉलच्या आधी तो वीकेंडचं सांगत असतो. शेतांमधली पायवाट, रचलेल्या दगडांची कुंपणं, कुठल्यातरी पडक्या गढीपर्यंत चालत जाणं. एकदा त्याने विचारलं, "तुझ्या गावाकडे बघण्यासारखं काय आहे?" मी पटकन म्हणालो, "विशेष काही नाही, एक देऊळ आहे."

कॉल संपला आणि माझाच मला राग आला. बरं, हे उत्तर एकट्या माझं नाही. अष्टविनायकाच्या गाड्या येतात, विघ्नहराचं दर्शन होतं, सोन्याच्या कळसाबरोबर सेल्फी होतो (१७३९ ची वसईची मोहीम जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी तो सोन्याने मढवला असं सांगतात), आणि तासाभरात गाडी लेण्याद्रीला. देवळामागून वाहणाऱ्या नदीकडे कोणी बघत नाही. म्हणून आज ती नदीच धरून चालू. कुकडी.

सुरुवात वरून करा. जुन्नरहून नाणेघाटाच्या रस्त्याला लागलात की पूर नावाचं गाव लागतं. तिथे कुकडेश्वराचं कोरीव दगडी मंदिर आहे आणि कुकडीचा उगम तिथलाच मानतात. तिथून पुढे घाटघर आणि मग नाणेघाट. पावसाळ्यात लोक तिथे उलटा धबधबा बघायला जातात. जादू काही नाही. कोकणातून येणारा वारा उभ्या कड्यावर आपटतो आणि वर चढतो. त्याचा जोर पडणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त झाला की पाणी परत तुमच्या तोंडावर येतं. बघा जरूर, फक्त कड्याच्या टोकावर जाऊन रील करू नका. दगडावर शेवाळ असतं आणि धुक्यात कडा कुठे संपतो ते कळत नाही.

पण माझं खरं वेड खालच्या गुहेचं. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाणारा माल या घाटाने चढायचा. गुहेत सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज फक्त पावलांच्या खुणा आणि वरची नावं उरलीत. दोन्ही बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख आहे, राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो. त्यात यज्ञांत काय काय दान दिलं त्याची यादी आहे, आणि यादी म्हटली की आकडे आले. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकचिन्हांमध्ये हे आकडे धरले जातात. गंमत अशी, की त्यात शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. १७०० गाई लिहायच्या तर हजाराचं एक चिन्ह, मग सातशेचं वेगळं चिन्ह. रोज कोड लिहिणारा मी, पहिल्यांदा हे कळलं तेव्हा तिथेच बसून राहिलो. शाळेत असताना दोनदा सहल आली होती तिथे. कोणी हे सांगितलंच नव्हतं.

परत येताना चावंड किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी माणिकडोह धरणाचं पाणी दिसतं. शिवनेरी आणि लेण्याद्रीबद्दल मी वेगळं सांगायची गरज नाही. एकच सूचना: दोन्हीकडे आग्यामोहोळं असतात, तेव्हा धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा.

आता ओझर. इथे नदी म्हणजे येडगाव धरणाचा फुगवटा. संध्याकाळी पाणपक्षी बघायला यापेक्षा निवांत जागा मला माहीत नाही. पण उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की काठावर गाळ उघडा पडतो. वरून वाळून भेगा पडलेला, चालण्याजोगा वाटतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एक मित्र माझ्याबरोबर आला आणि त्यावरून पाण्याकडे निघाला. दहा पावलांत कमरेपर्यंत आत. हालचाल केली की आणखी खाली. मी धावत त्याच्याकडे निघालो होतो. शेजारच्या मळ्यातले तात्या ओरडले, "तू जाऊ नको, आडवा हो म्हणावं त्याला!" तो पोटावर पसरला, तात्यांनी ठिबकची नळी फेकली, आम्ही ओढला. पोहायला येतं का नाही, याचा तिथे काही संबंध नव्हता. काठ दगडी किंवा घाट बांधलेला असेल तिथूनच पाणी बघा.

दुसरी गोष्ट बिबट्याची. आमच्याकडे तो फक्त जंगलातून येत नाही, उसातच जन्मतो, उसातच वाढतो. २००१ ते २००३ च्या सुमारास जुन्नर भागातले बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की जिथे सोडले तिथे आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे, पण ते प्राणिसंग्रहालय नाही. आणि कृपा करून 'बिबट्या दिसावा' म्हणून फिरू नका. आमच्या तालुक्यात घरातली माणसं गेलीत. आजीचा नियम मी आजही पाळतो: "दिवस मावळायच्या आत घरी, आन् उसाच्या कडंनी नाही." अंधारात बांधावर वाकून बसू नका, लहान मुलं हाताशी ठेवा, पिल्लू दिसलं तर हात न लावता मागे फिरा आणि वनखात्याला कळवा. आणि हो, तेव्हा कानातले इअरफोन काढा. हा पॉडकास्टसुद्धा नंतर ऐका.

ओझरच्या खाली, खोडद परिसरात, जीएमआरटीच्या प्रचंड डिश दिसू लागतात. एकूण ३०, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. जाळीच्या आहेत, म्हणून वारा आरपार जातो. आत जायला परवानगी लागते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मात्र शाळांच्या बसच्या बस येतात.

तिथून जवळच बोरी बुद्रुक. कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख तीन हजारांहून जास्त किलोमीटर लांबच्या, सुमात्रातल्या टोबाची मानतात. वयावर वाद आहे: काही संशोधक साधारण ७५ हजार वर्षं म्हणतात, काही त्याहून कितीतरी जुनी. तिथे आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडलीत. राख उकरून घरी नेऊ नका, प्लीज.

शेवटी निघोजचे रांजणखळगे. पुराच्या भोवऱ्यात गोटे अडकतात, फिरत राहतात आणि काळा पाषाण ड्रिलसारखा कोरतात. हजारो वर्षं हेच चाललंय.

या सगळ्याला दोन दिवस लागतात. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत उत्तम.

गेल्या सोमवारी मी त्या मित्राला १७०० चं चिन्ह कागदावर काढून दाखवलं. तो म्हणाला, सप्टेंबरमध्ये येतो. आजी विचारतेय, तिखट खातो का.

चला, भेटू पुढच्या भागात.