एक-दोन, एक-दोन-तीन
(लेखमाला : आवाजाचं गणित, लेखांक ६)

शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं स्वागत करायची वेळ आली की सर माइकवरून सांगतात, "एक-दोन, एक-दोन-तीन!" आणि सगळं पटांगण त्या ठेक्यात टाळ्या वाजवतं. दोन सावकाश, मग तीन जलद. आपण सगळ्यांनीच त्या वाजवलेल्या आहेत. आता एक काम करा. हाच ठेका कागदावर उतरवा. गोल काढा, रेघा ओढा, आकडे घाला, काहीही चालेल. अट एवढीच, की ज्याने हा ठेका कधी ऐकलेला नाही त्याला तुमचा कागद पाहून तो वाजवता आला पाहिजे.

तुम्ही कदाचित दोन मोठे गोल काढले असतील आणि त्यापुढे तीन छोटे. दिसायला ते अगदी बरोबर दिसतं. पण टाळ्या न थांबता चार-पाच वेळा वाजवून पाहा. तीन जलद टाळ्यांपैकी शेवटची वाजली की हात थांबतात, आणि पुढच्या "एक"पर्यंत पहिल्या टाळीनंतर होतं तेवढंच अंतर जातं. म्हणजे मोजायला गेलं तर पाचवी टाळी छोटी नाहीच. ती पहिल्या दोघींइतकीच मोठी आहे. कानाला मात्र ती त्या तिघींच्या घोळक्यातली वाटते.

गेल्या आठवड्यात आपण आवाजाचे सेकंदाला ४४,१०० तुकडे करून त्यांच्या संख्या कशा बनतात ते पाहिलं. आज या संख्यांशी हायस्कूलमधली मुलं काय करतात ते पाहायचं आहे. सुरुवात टाळ्यांनी केली, कारण आठवी-नववीतलं मूल संगणकावर पहिला ठेका लिहायला बसतं तेव्हा त्याची पहिली चूक बहुधा याच पाचव्या टाळीपाशी होते.

ही पाचवी टाळी बारकाईने पाहिली ती जीन बॅम्बर्गर या अमेरिकन विदुषींनी. त्या मुळात पियानोवादक, आर्टूर श्नाबेल यांच्या शिष्या. १९७० च्या दशकात त्या एमआयटीत सीमोर पॅपर्ट यांच्या गटात आल्या. मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी पॅपर्ट एक. त्या भाषेला संगीताची जोड देण्याचं काम बॅम्बर्गरांनी केलं. मुलांना टाळ्यांचा ठेका वाजवायला सांगायचा आणि मग तोच कागदावर काढायला लावायचा, हा त्यांचा साधा प्रयोग. काही मुलं घोळके काढत: दोन वेगळे, तीन एकत्र. काही मुलं दोन टाळ्यांमधला काळ मोजून काढत. बॅम्बर्गरांचं मोठेपण असं, की त्यांनी पहिल्या मुलांना चूक ठरवलं नाही. घोळका ऐकणारं मूल संगीताचं वाक्य ऐकतं, काळ मोजणारं मूल त्याचा हिशेब ऐकतं, आणि संगीत शिकणं म्हणजे या दोन्ही ऐकण्यांमध्ये ये-जा करता येणं, असं त्यांनी मांडलं.

तबला शिकणाऱ्या मुलाला ही ये-जा नवी नाही. पढंत करताना तोंडाने तो बोलांची वाक्यं म्हणतो आणि हाताने टाळी-खाली दाखवत मात्रा मोजतो. तोंडाला घोळका कळतो, हाताला हिशेब. आपल्या गुरुजनांनी ही गोष्ट कसलाही गाजावाजा न करता पिढ्यानपिढ्या शिकवली आहे, आणि संगणकावर संगीत शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ती आधी पाहून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

आता संगणकाकडे वळू. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत सॅम आरन यांनी २०१२ मध्ये सोनिक पाय नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्याच वर्षी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक बाजारात आला होता, आणि शाळेतल्या मुलांना कोड लिहायला शिकवायचं तर त्यातून काहीतरी वाजलं पाहिजे, ही सोनिक पायमागची कल्पना. सोनिक पाय फुकट आहे आणि विंडोजच्या साध्या संगणकावरही चालतो. त्यात दोन आज्ञा आल्या की संगीत सुरू होतं. "प्ले ६०" म्हणजे साठ क्रमांकाचा स्वर वाजव. पेटीवाल्यांच्या भाषेत ही मधल्या सप्तकातली पांढरी एक. ६१ म्हणजे काळी एक. दुसरी आज्ञा "स्लीप १", म्हणजे पुढची ओळ एका मात्रेनंतर. (पडद्यावर हे सगळं रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायचं असतं, इथे मी देवनागरीत लिहितो आहे.)

आपल्या पाच टाळ्या लिहायच्या तर पाच वेळा "प्ले" येणार आणि प्रत्येकानंतर एक "स्लीप". त्यांचे आकडे: एक, एक, अर्धा, अर्धा, एक. बेरीज चार मात्रा. घोळका ऐकणारं मूल शेवटी पुन्हा अर्धा लिहितं. एकदाच वाजवलं तर काहीच बिघडत नाही, ठेका बरोबर वाटतो. पण तो आवर्तनात घातला की प्रत्येक फेरी साडेतीन मात्रांत संपते, सम, म्हणजे पुढच्या फेरीची पहिली मात्रा, अर्धी मात्रा आधी येऊन आदळते आणि ठेका लंगडायला लागतो. मुलाला हे कोणी सांगावं लागत नाही, त्याचा कानच तक्रार करतो. मग ते ओळी तपासतं, आणि चूक वाजलेल्या आवाजात नसून त्यानंतरच्या शांततेत आहे हे त्याला सापडतं. चाचणी परीक्षेतल्या लाल शाईपेक्षा ही सुधारणा कितीतरी खोल जाते.

या शांततेला सोनिक पायमध्ये भारी मान आहे. सतत फिरणाऱ्या आवर्तनाला तिथे "लाइव्ह लूप" म्हणतात, आणि एकही विराम नसलेला लाइव्ह लूप तो प्रोग्रॅम चालूच देत नाही, चूक दाखवून थांबतो. लूप वाजत असतानाच त्यातला आकडा बदलता येतो, आणि पुढच्या फेरीपासून नवा आकडा लागू होतो. ठेका तुटत नाही.

हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं. नेहमीच्या संगणकभाषेत "एक सेकंद थांब" म्हटलं की यंत्र एक सेकंद थांबतं खरं, पण आधीच्या ओळी वाचायला लागलेला वेळ त्यात वरून मिळवला जातो. प्रत्येक मात्रेला काही मिलिसेकंदांचा उशीर, आणि शंभर मात्रांनंतर लय स्पष्ट घसरलेली. आरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी "स्लीप"चा अर्थच बदलला. मागची ओळ संपली केव्हा, हे ते पाहत नाहीत. पुढची मात्रा केव्हा यायला हवी त्याचा हिशेब आधी मांडतात आणि आवाज त्या क्षणाला बांधतात. उशीर झाला तरी तो साचत नाही. लेहऱ्यावर वाजवणारा तबलजी एखादा बोल थोडा मागे पडला म्हणून पुढची सम मागे ढकलत नाही, तसंच हे.

सोनिक पायमध्ये तबल्याचे ध्वनिमुद्रित आवाजही आहेत: ना, घे, के, तुन, ते असे अनेक. त्यामुळे आपल्याकडच्या मुलाला पहिल्याच दिवशी केहरवा लिहिता येतो. पहिलाच बोल "धा", आणि धा नावाचा आवाज यादीत दिसत नाही. मग करायचं काय? ज्याने तबला पाहिला आहे त्याला उत्तर ठाऊक असतं. उजव्या हाताने ना, डाव्याने डग्ग्यावर घे, दोन्ही एकदम. कोडमध्ये "ना"ची ओळ लिहायची, लगेच खाली "घे"ची, आणि मध्ये स्लीप घालायचा नाही. ओळी एकाखाली एक असल्या तरी आवाज एकाच क्षणी येतात. ओळींचा क्रम आणि काळाचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मोठ्या प्रोग्रॅमरांनाही पुन:पुन्हा शिकावं लागतं. नववीतला विद्यार्थी ते एका "धा"त शिकतो.

अमेरिकेत, अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये, जेसन फ्रीमन आणि ब्रायन मॅगर्को यांनी हायस्कूलच्या वर्गांसाठी इअरस्केच हा दुसरा मार्ग काढला. तो ब्राउझरमध्येच चालतो, काही उतरवून घ्यावं लागत नाही, आणि मुलं त्यात पायथन किंवा जावास्क्रिप्ट या रोजच्या वापरातल्या भाषा लिहितात. यंग गुरू आणि रिचर्ड डिव्हाइन यांच्यासारख्या व्यावसायिकांनी बनवलेले तयार सुरावटींचे तुकडे त्यात मिळतात, आणि कुठला तुकडा कितव्या मापापासून (माप म्हणजे चार मात्रांचा एक गट) कितव्या मापापर्यंत वाजेल ते कोडने सांगायचं असतं. इथला हिशेब गमतीचा आहे. एक ते पाच असं लिहिलं की चार मापं वाजतात, कारण पाच म्हणजे पाचवं माप जिथे सुरू होतं तो क्षण. मुलं इथे अडखळतात. पण सोळा मात्रांच्या त्रितालात तिहाई सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या समेवर येऊन संपते, हे ज्याने हातावर मोजलं आहे त्याला हा हिशेब परका वाटत नाही. पाच मात्रांचा बोल तीनदा आणि मध्ये एकेका मात्रेची विश्रांती: पाच, एक, पाच, एक, पाच. झाले सतरा. वर्गात गृहपाठ म्हणून द्यायला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

इअरस्केचमध्ये ठेका अक्षरांच्या माळेनेही लिहिता येतो. शून्य म्हणजे आवाज सुरू, अधिकचं चिन्ह म्हणजे तोच आवाज पुढे लांबव, आडवी रेघ म्हणजे गप्प. चार मात्रांच्या मापात अशी सोळा घरं. आपल्या टाळ्या तिथे अशा दिसतील: ०+++०+++०+०+०+++. घरं मोजून पाहा: चार, चार, दोन, दोन, चार. पाचव्या टाळीचं मोठेपण इथे डोळ्यांना दिसतं. भातखंडे पद्धतीने गाणं लिहून घेतलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल, फक्त एक सावधगिरी हवी. आपल्या स्वरलिपीत आडवी रेघ स्वर लांबवते, इअरस्केचमध्ये तीच रेघ स्वर बंद करते. गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलाला हे आधीच सांगून ठेवावं.

तयार तुकड्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मोबाइलवर रंगीत चौकोन ओढून पाच मिनिटांत गाणं बनवून देणारी ॲप्स मुलांना सुरुवातीची ओढ लावतात, आणि तेवढ्यापुरती ती चांगली. पण तिथे सगळे तुकडे आधीपासून एकमेकांना जुळवलेले असतात. चुकायला जागाच नाही, त्यामुळे ऐकायचं कारणही उरत नाही. इअरस्केचमध्येही तुकडे तयारच असतात, तरी मुखडा एकदा फंक्शन (नाव देऊन पुन्हा बोलावता येणारा कोडचा तुकडा) म्हणून लिहायचा, अंतरा दुसरं फंक्शन, आणि कोणता केव्हा परत येणार ते ठरवायचं, हे काम मुलालाच करावं लागतं. बंदिशीची रचना समजण्याची ती सुरुवात आहे.

आता स्वरांकडे. इथे मराठी घरातल्या मुलाला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण यंत्र ती आपणहून सांगत नाही. साठ हा सा धरला तर शुद्ध गंधार चौसष्ट क्रमांकावर येतो. पेटीची पट्टीही हेच सांगते. पण तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार कंपनसंख्येने सा-च्या बरोबर सव्वापट असतो, आणि त्याचा क्रमांक येतो ६३.८६. पंचमाचं तसं नाही. तो दीडपट, म्हणजे ६७.०२, पट्टीवरच्या ६७ च्या अगदी जवळ. सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यावर पंचमाला जवळपास न्याय मिळतो, गंधाराला मिळत नाही.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींचा हिशेब मांडला तो याच अस्वस्थतेतून. पेटीला आकाशवाणीवर १९४० पासून सुमारे तीन दशकं बंदी होती, त्यामागच्या आक्षेपांमध्ये हाही एक होता. आणि आज ज्या सोनिक पायमध्ये साठ लिहिता येतं, त्यातच ६३.८६ ही लिहिता येतं. साध्या पेटीला जे जमत नव्हतं ते इथे एका दशांश चिन्हाने जमतं. शिकवणीच्या धड्यांत पूर्णांक दिसतात म्हणून पूर्णांकच लिहिले पाहिजेत असं नाही. ज्या मुलाच्या कानात तानपुरा आहे, त्याला हे दशांश चिन्ह वापरायला कोणीतरी सांगितलं पाहिजे, नाहीतर त्याचा कान हळूहळू यंत्राच्या पट्टीला सरावेल.

घरी करून पाहा. सोनिक पाय सुरू झाल्यावर जो मऊ आवाज मिळतो त्यात हा फरक पटकन कळत नाही, कारण भांडण दोन स्वरांच्या उपस्वरांमध्ये, म्हणजे त्यांच्याबरोबर मंद वाजणाऱ्या वरच्या स्वरांमध्ये, असतं आणि मऊ आवाजात उपस्वर फारसे नसतात. म्हणून "सॉ" नावाचा कर्कश आवाज निवडा. आधी ६० आणि ६४ एकदम, लांब वाजवा. सेकंदाला सुमारे दहा वेळा थरथरणारी एक खरखर ऐकू येईल. मग ६४ च्या जागी ६३.८६ लिहा. खरखर थांबते आणि दोन स्वर एकात एक मिसळतात. हेडफोन लावलात तर आणखी स्पष्ट. वाचक शिक्षक असतील तर त्यांना माझी विनंती आहे, की कॉम्प्युटर लॅबमधल्या एका तासाला शाळेच्या संगीत शिक्षकांनाही सोबत बोलवा आणि हा प्रयोग दोघांनी मिळून घ्या.

पुढच्या लेखांकात मींड. ६० पासून ६३.८६ पर्यंत आवाज न तोडता कसा न्यायचा, ते पाहू. तोवर केहरवा लिहून ठेवा, आठही मात्रांचा.